डेन्मार्कमध्ये नव्याने आलेल्या मराठी घराने मुलांसाठी कोणती डॅनिश चित्रपुस्तकं आणावीत? आणि डॅनिश येत नसताना ती घरी वाचायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोपनहेगनला येऊन काही महिने झालेत, मुलगी सात वर्षांची आणि पहिलीत, मुलगा अकराचा. दोघं शाळेत डॅनिश शिकतायत, तुम्हा नवराबायकोला ती येत नाही. अलीकडची चांगली चित्रपुस्तकं कोणती, पातळी कशी ओळखायची आणि घरी वाचायची कशी?

आधी पातळीचं सांगतो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. डॅनिश बालपुस्तकांचे दोन ढीग असतात. एक 'लेत्लेसनिंग', म्हणजे मुलाने स्वतः वाचायची सोपी पुस्तकं. दुसरा 'हॉयत्लेसनिंग', म्हणजे मोठ्यांनी वाचून दाखवायची. सगळ्यात सुंदर चित्रपुस्तकं बहुतेक दुसऱ्या ढिगातली असतात. चित्रं बघून ती लहानांची वाटतात, पण भाषा वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसासाठी लिहिलेली असते. असं पुस्तक मुलीच्या हातात देऊन 'वाच' म्हटलंत, तर ती दुसऱ्याच पानावर अडकेल आणि त्यात तिची काही चूक नसेल.

सोप्या पुस्तकांच्या मागच्या बाजूला अनेकदा 'लिक्स' नावाचा आकडा छापलेला असतो. तो काढणं सोपं आहे: एका वाक्यात सरासरी किती शब्द, अधिक सहापेक्षा जास्त अक्षरांचे शब्द शंभरात किती. समजा १०० शब्द, १० वाक्यं आणि त्यात १५ लांब शब्द असतील, तर १० अधिक १५, लिक्स २५. चोवीसपर्यंत मजकूर अगदी सोपा धरतात, ३५ ते ४४ मध्यम, ५५ च्या वर फार अवघड. आकडा छापलेला नसेल तर मधलं एखादं पान घेऊन पाच मिनिटांत स्वतः मोजता येतो, त्यासाठी डॅनिश यावी लागत नाही. मुलीसाठी सुरुवातीला दहाच्या आतबाहेरचा लिक्स बघा.

पण लिक्स अक्षरं मोजतो, विषयाचं वजन मोजत नाही. डॅनिश चित्रपुस्तकांत हे फारच लक्षात ठेवावं लागतं, कारण तिथले लेखक-चित्रकार मृत्यू, युद्ध, मोडलेलं घर यांपैकी काहीच मुलांपासून लपवत नाहीत. मॉर्टन ड्यूर आणि लार्स हॉर्नेमन यांचं 'झेनोबिया' (२०१६) हे चित्ररूप पुस्तक घ्या. शब्द इतके कमी की भाषेची अडचण जवळपास येतच नाही. गोष्ट मात्र सीरियातून निघालेल्या अमिना या मुलीची आहे, जी समुद्रात बुडते आहे आणि बुडताना आईशी खेळलेला लपंडाव आठवते आहे. शेवट सुखाचा नाही. तुमच्या मुलासाठी हे मी नक्की सुचवेन, पण आधी तुम्ही वाचा आणि तो वाचत असताना शेजारी बसा. ऑस्कर के. आणि डोर्टे कारेबेक यांचं 'लायरन' (२०११), म्हणजे 'छावणी', मात्र आत्ता नको. मुलांची उन्हाळी छावणी असावी तशी सुरुवात होते आणि ती छळछावणीची आठवण करून देणारी निघते. थोर काम आहे, पण ते आधी मोठ्यांनी वाचावं.

आता सुरुवात कुठून करायची? याकोब मार्टिन स्ट्रिड. डेन्मार्कमधल्या मुलांना हे नाव बहुधा माहीत असतंच. त्याच्या प्रचंड मोठ्या नाशपातीच्या गोष्टीत (२०१२) मिचो नावाची मांजर आणि सेबास्टियन नावाचा हत्ती यांना बाटलीतून एक बी मिळतं. त्यातून घराएवढं नाशपाती उगवतं आणि पुढे तेच पोखरून जहाज होतं. या पुस्तकात नाशपातीचा उभा छेद काढलेला आहे: आत खोल्या, जिने, सामानसुमान. त्या एका चित्रावर अर्धा तास सहज जातो. इथे मजकूर बाजूला ठेवा आणि मुलीला बोटाने दाखवत नावं सांगायला लावा. एकदा मराठीत, एकदा डॅनिशमध्ये. डॅनिश नावं तिला तुमच्यापेक्षा जास्त येतील आणि ती खूश होईल. स्ट्रिडचंच 'डेन फँटास्टिस्के बस', म्हणजे 'अद्भुत बस', हे जाडजूड, मोठ्या आकाराचं पुस्तक २०२३ मध्ये आलं आणि त्याला २०२४ चा नॉर्डिक कौन्सिलचा (उत्तर युरोपातल्या देशांच्या परिषदेचा) बाल-किशोर साहित्य पुरस्कार मिळाला. ते एका बैठकीत संपवू नका. रोज थोडी पानं, आणि ते जड असल्यामुळे जमिनीवर उघडून.

मुलीने स्वतः वाचण्याकडे वळावं म्हणून किम फुप्स ऑकेसन आणि नील्स बो बॉयसन यांची 'विटेलो' मालिका घरात असू द्या. पुस्तकं छोटी आहेत, पण लेत्लेसनिंगपेक्षा थोडी वरची, म्हणून पहिली दोन वाचून दाखवा. विटेलो रिंग रोडलगतच्या घरात आईबरोबर राहतो, वडील घरात नाहीत. तो एका पुस्तकात गाडीवर ओरखडे काढतो, दुसऱ्यात खिशात चाकू घेऊन फिरतो. शेवटी कुणी उपदेश करत नाही. त्याची सवय नसेल तर तुम्हाला थोडं चुकचुकल्यासारखं होईल. तरी मध्येच थांबून तात्पर्य सांगू नका, त्याने गोष्टच मोडते. गोष्ट संपल्यावर 'तू असतीस तर?' एवढं विचारा. पादणं, शी वगैरे शब्द या पुस्तकांत सहज येतात. मराठीतही ते तसेच येऊ द्या.

याच ऑकेसनचं आजोबा भूत होतात ते पुस्तक (२००४) मला फार मोलाचं वाटतं. चित्रं स्वीडनच्या एवा एरिक्सन यांची आहेत. एस्बेनचे आजोबा अचानक रस्त्यात कोसळून जातात. आजोबा कुठे गेले हे आई एक सांगते, वडील दुसरंच, आणि एस्बेनला दोन्ही पटत नाही. रात्री आजोबा त्याच्या खोलीत येऊन बसलेले असतात, कारण काहीतरी करायचं राहून गेलंय आणि ते काय हे त्यांनाच आठवत नाही. भारतात आजीआजोबा सोडून आलेल्या मुलांशी बोलायला यासारखं पुस्तक नाही.

या पुस्तकाच्या मूळ नावात 'फारफार' हा शब्द आहे: वडिलांचे वडील. आईचे वडील 'मॉरफार', वडिलांची आई 'फारमॉर', आईची आई 'मॉरमॉर'. पुढची नाती तर मराठी माणसाला घरचीच वाटतात: 'मोस्टर' म्हणजे मावशी, 'फास्टर' म्हणजे आत्या, 'मॉरब्रोर' मामा, 'फारब्रोर' काका. इंग्रजीत हे सगळे फरक पुसले जातात. म्हणूनच इंग्रजी भाषांतरावरून मराठी करून सांगू नका, थेट डॅनिशवरून सांगा. फोनचा कॅमेरा पानावर धरून भाषांतर काढायला हरकत नाही, पण नात्याचा शब्द आला की मूळ शब्द बघा, कारण मावशीची काकू होण्याची शक्यता तिथेच असते. हाताने रंगवलेली अक्षरं फोन नीट ओळखत नाही. डॅनिशमध्ये तीन-चार शब्द जोडून एकच लांब शब्द करतात, तिथेही फोन अडखळतो. असा शब्द मधोमध तोडून दोन तुकडे वेगवेगळे शोधा.

रोजचा क्रम असा ठेवा. पहिल्या रात्री मजकुरावर पट्टी ठेवून फक्त चित्रं, सगळं बोलणं मराठीत. काय चाललंय, कोण चिडलंय, कोपऱ्यात कोण दडलंय? डॅनिश पुस्तकांत चित्र अनेकदा मजकुराच्या उलट बोलत असतं, आणि मुलांना ते आधी दिसतं. दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत असताना तुम्ही मजकूर समजून घ्या आणि प्रत्येक पानाचं एक मराठी वाक्य वेगळ्या कागदावर लिहा. लायब्ररीच्या पुस्तकात चिकट चिठ्ठ्या नकोत, खरखरीत कागदावरचा रंग त्यांच्याबरोबर उचलला जाऊ शकतो. रात्री तुमचं वाक्य मराठीत. तिसऱ्या रात्री मुलीने डॅनिश वाचायचं, तुम्ही फक्त ऐकायचं. डॅनिश उच्चार स्वतः करून दाखवायच्या फंदात पडू नका. 'हुंड' (कुत्रा) असं लिहिलेला शब्द 'हुन' असा म्हणतात, आणि शब्दाच्या शेवटचा मऊ 'द' आपल्या कानाला 'ल'सारखा लागतो. मुलं हे शाळेत अचूक उचलतात, घरी चुकीचं ऐकवण्याची गरज नाही.

मराठीत सांगताना एक निर्णय प्रत्येक पुस्तकात घ्यावा लागतो. डॅनिशमध्ये सगळ्यांनाच 'डू', आपल्याकडे तू की तुम्ही? ग्लेन रिंगट्वेड आणि शार्लोटे पार्डी यांचं 'ग्रेड ब्लॉट येर्ते' (२००१), म्हणजे 'रड खुशाल, हृदया', याचं उत्तम उदाहरण. याच्या इंग्रजी आवृत्तीला भाषांतरित बालपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला बॅचेल्डर पुरस्कार २०१७ मध्ये मिळाला. आजारी आजीला न्यायला मृत्यू घरी येतो. मुलांना भीती वाटू नये म्हणून आपला कोयता दाराबाहेर ठेवून येतो. चार भावंडं त्याला कॉफी देतात आणि पेला संपत आला की पुन्हा भरतात, कारण रात्र सरली की तो तसाच निघून जाईल अशी त्यांना आशा आहे. शेवटी तो हाडांचा हात पेल्यावर पालथा ठेवतो. मी इथे मुलांच्या तोंडी 'तुम्ही' घालेन, कारण ती त्याला घरी आलेल्या पाहुण्यासारखं वागवतायत. 'तू' घातलं की कॉफी ओतण्यातला सगळा आदर निघून जातो.

विकत घ्यायची घाई नको. २०२५ मध्ये पुस्तकांवर २५ टक्के कर होता, त्यामुळे ती महाग होती. हा कर काढून टाकणार असल्याचं सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं होतं. पिवळ्या आरोग्यकार्डावर लायब्ररीत फुकट नाव नोंदवता येतं, आणि जवळच्या शाखेत नसलेलं पुस्तक देशभरातून मागवता येतं. शेल्फावर शोधताना एक फसगत ठरलेली: ऑकेसनचं आडनाव दोन 'ए'ने सुरू होतं, म्हणून सगळे पहिल्या खणात बघतात. डॅनिश वर्णमालेत जोड 'ए' म्हणजे 'ऑ', आणि ते अक्षर अगदी शेवटी, 'झेड'च्याही पुढे येतं. विटेलो आणि आजोबांचं भूत, दोन्ही शेवटच्या खणात सापडतील.