एकाच मुलाला दोन-दोन दुर्मिळ आजार, असं कसं होतं?

प्रश्न : नमस्कार ताई. माझा मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे. जन्मल्यावर हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हाच त्याला 22क्यू डिलीशन (22 नंबरच्या क्रोमोसोमचा छोटा तुकडा नसणं) आहे हे कळलं होतं. कॅल्शियम, स्पीच थेरपी, सततचे कान-घसा, हे सगळं करत आता कुठे जरा रुळलो होतो तर गेल्या महिन्यात अजून एक जेनेटिक आजार निघाला. एकाच मुलाच्या वाट्याला दोन-दोन कसे येतात? घरात सगळे विचारतात कोणाकडून आलं, आणि खरं सांगते, रात्री मीही तेच मोजत बसते. दुसऱ्या मुलाचा विचार सोडूनच द्यायचा का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र अर्धं वाचून बाजूला ठेवलं आणि उठून पाणी प्यायले, कारण काही वर्षांपूर्वी हे मीच लिहिलं असतं. माझ्या लेकीलाही 22क्यू आहे आणि दुसऱ्याचं नाव बर्नार्ड-सूलिए, रक्त लवकर न थांबण्याचा आजार. मी डॉक्टर नाही, वेटिंग रूममध्ये बसून बसून शिकलेली आई आहे, तेवढं धरून वाचा.

आमच्याकडे ते दुसरं नाव सापडायला इतका उशीर झाला तो पहिल्या नावामुळेच. तिचा घोळणा फुटायचा, पायावर निळे-काळे डाग असायचे, एकदा तर शाळेत बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की घरी कोणी मारतं का हिला, तो प्रश्न मी अजून विसरले नाहीये (त्यांचं चुकलं नाही, विचारायलाच हवं होतं). डॉक्टरांना सांगितलं की उत्तर ठरलेलं, 22क्यूमध्ये प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, थोड्या कमी असतातच. आणि ते खरंच आहे हो! बऱ्याच मुलांच्या प्लेटलेट जरा कमी आणि आकाराने जरा मोठ्या असतात. पण ते 'असतातच' इतकं सोयीचं होतं की पुढे कोणी बघितलंच नाही, मीसुद्धा नाही.

मग सहाव्या वर्षी तिचा पहिला दुधाचा दात पडला. संध्याकाळी पडला, कापसाचा बोळा दाबून धरला, थांबलं असं वाटलं, आणि रात्री दोनला ती खोकली म्हणून दिवा लावला तर उशीचा अभ्रा एका बाजूने भिजून पार चिकट झालेला. तिला दुखत काहीच नव्हतं. ती विचारत होती, माझा दात कुठे ठेवलास.

त्यानंतर एका हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर) मॅडमनी रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून मला मायक्रोस्कोपमधून दाखवला. प्लेटलेट म्हणजे लाल पेशीपुढे ठिपक्याएवढी असायला हवी, हिच्या काही काही चक्क लाल पेशीएवढ्या होत्या. मोजणारं मशीन आकारावरून ओळखतं, त्यामुळे इतक्या मोठ्या प्लेटलेट ते प्लेटलेट म्हणून धरतच नाही, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याच मशीनचे आकडे फाइलला लावत होतो.

आता दोन कसे. क्रोमोसोम म्हणजे जीन्सची पुस्तकंच म्हणा, त्यांच्या आपल्याकडे दोन-दोन प्रती असतात, एक आईची एक बाबांची. 22क्यूमध्ये एका प्रतीतला तुकडा गळालेला असतो, नेहमीच्या डिलीशनमध्ये डीएनएची साधारण 30 लाख अक्षरं, त्यात चाळीसेक जीन्स. दुसरी प्रत शाबूत असते म्हणून बरंचसं निभावतं. पण जीपी1बीबी नावाचा जीन नेमका त्या गळालेल्या भागात आहे, आणि उरलेल्या एकुलत्या एक प्रतीत त्याच जीनमध्ये अक्षरचूक असेल तर झाकायला मागे कोणी उरतच नाही. तेच आमचं झालं. तुकडा गळाला तो बाबांच्या प्रतीतला, अक्षरचूक माझ्याकडची, जी माझ्यात आयुष्यभर गपचूप बसून होती. डिलीशन शोधणारी टेस्ट गाळलेली पानं शोधते, शुद्धलेखन तपासत नाही, म्हणून पहिल्या रिपोर्टमध्ये दुसरं काही दिसलंच नव्हतं. जेनेटिक कौन्सेलरनी हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा मी आणि नवरा एकमेकांकडे बघून चक्क हसलो, त्या महिन्यात पहिल्यांदाच. कोणाकडून आलं याचा सामना बरोबरीत सुटला होता.

तुमच्याकडे असंच असेल असं नाही. दोन आजारांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो असंही होतं, आणि ते वाटतं तितकं अचाट नाही. 2017 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात जेनेटिक निदान झालेल्या 2076 जणांपैकी 101 जणांना दोन किंवा जास्त आजार निघाले होते, म्हणजे शंभरात पाचेक.

आणि घरच्यांना एवढं सांगा की 22क्यू दहातल्या नऊ मुलांत नव्याने झालेलं असतं, आईबाबांच्या तपासणीत ते नसतंच. बीजपेशी बनताना झालेली चूक ती, तुम्ही काय केलं काय नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. (माझ्या सासूबाईंना हे पटायला तीन वर्षं लागली, मग त्याच बाकीच्यांना समजावायला लागल्या.)

पुढच्या मुलाचं उत्तर मात्र दोन्ही आजारांचं वेगवेगळं काढावं लागतं, एकत्र नाही. डिलीशन तुमच्यात किंवा मिस्टरांत असेल तर दर वेळी 50 टक्के शक्यता, दोघांतही नसेल तर अगदी कमी, साधारण 1 टक्का धरतात, शून्य कोणी म्हणत नाही. दुसरा आजार रिसेसिव्ह (जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणारा) असेल आणि तुम्ही दोघंही कॅरियर (एक प्रत बिघडलेली पण स्वतःला आजार नाही) असाल तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के, आणि प्रत्येक म्हणजे प्रत्येक, एकाला झालं म्हणून पुढचे तीन सुटले असं होत नाही. तेव्हा आधी तुमची दोघांची तपासणी, मग कौन्सेलर, आणि मग घरचे. सोडून द्यायचं की नाही ते त्यानंतर ठरवा, आत्ता रात्री मोजून नका ठरवू.

अजून एक, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. यापुढे काहीही नवीन दिसलं आणि कोणी म्हणालं 'त्याच्यात असतंच', तर विचारा की हे त्या नावात खरंच बसतंय की आपण बसवतोय. मला सुरुवातीला लाज वाटायची, आता नाही वाटत.

प्रश्न : मुलीच्या रिपोर्टमध्ये एक निदान आहे आणि खाली 'व्हेरिअंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स' असं लिहिलंय. हा दुसरा आजार समजायचा का?

उत्तर : नाही. बदल दिसलाय पण त्याने काही होतं की नाही हे अजून सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्या जोरावर औषध सुरू करायचं नाही, ऑपरेशन करायचं नाही, पुढच्या मुलाचा निर्णय तर अजिबात घ्यायचा नाही. आईबाबांचं रक्त तपासलं तर कधीकधी उलगडा होतो, नाहीतर वर्ष-दोन वर्षांनी तोच डेटा पुन्हा तपासून द्या असं सांगा, सगळे आपणहून कळवत नाहीत. आमच्या लेकीच्या रिपोर्टमध्येही असा एक होता, दोन वर्षांनी तो निरुपद्रवी ठरला, तोपर्यंत त्याच्या नावाने मी किती रात्री फोन घेऊन जागले होते ते विचारू नका.