संगणक सल्ला: घरात कॉम्प्युटर एक, फायली चौघांच्या

प्रश्न: आमच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे, विंडोज ११ चा. पुतणे गेम खेळतात, भाऊजी वावराचा हिशेब ठेवतात आणि मी बचत गटाचं कर्जवाटप व वसुली एक्सेलमध्ये लिहिते. कुणाचा हप्ता थकला हे घरात कळलं की गावात कळायला वेळ लागत नाही. मी फोल्डर 'हिडन' करून ठेवलं होतं. आठवीतल्या पुतण्यानं ते दोन मिनिटांत उघडलं. पक्का उपाय सांगा.
– एक वाचक भगिनी, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर: ताई, पुतण्यानं त्यात मोठं काही केलेलं नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'हिडन आयटम्स' एवढं दाबलं की लपवलेली सगळी फोल्डरं फिकट रंगात समोर येतात. हिडन हे नुसतं झाकण आहे, त्याला कडी नाही.

पहिलं काम म्हणजे स्वतःचं वेगळं खातं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट असं जा. मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागेल तिथे 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' आणि पुढच्या पानावर 'अ‍ॅड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' निवडा. नाव आणि पासवर्ड द्या, झालं. पोरांसाठीही असंच एक खातं काढा आणि ते 'स्टँडर्ड युजर'च राहू द्या. कामातून उठताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबायची सवय लावा, नाहीतर वेगळं खातं काढून उपयोग नाही.

इथे बहुतेक घरांत एक चूक होते. दुकानदार सांगतो, "फायली डी ड्राइव्हमध्ये ठेवा, सी फॉरमॅट झाला तरी वाचतात." ते खरं आहे. पण डी ड्राइव्हवर तुम्ही काढलेलं फोल्डर सहसा कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक खात्याला उघडता येतं, बदलताही येतं. दुसऱ्या साध्या खात्याला बंद असतात ते तुमच्या खात्यातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. वसुलीची फाइल तिथे हलवा.

तरीही एक माणूस उरतो: ज्याचं खातं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' आहे तो. तुमच्या फोल्डरवर टिचकी मारली की त्याला परवानगी नसल्याची सूचना येते, खाली 'कंटिन्यू' असतं, ते दाबलं की फोल्डर उघडतं. तुमचा पासवर्डही तो बदलू शकतो. दुरुस्तीला नेलेल्या मशीनची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, तर बहुतेक वेळा तेवढीही अडचण येत नाही. म्हणून खात्याचा पासवर्ड पोरांसाठी आणि फाइलचा पासवर्ड मोठ्यांसाठी, असा हिशेब ठेवा.

तुमची एकच एक्सेल फाइल आहे, तेव्हा बाहेरचं सॉफ्टवेअर लागणार नाही. फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. त्याच यादीत 'प्रोटेक्ट करंट शीट' असतं, ते निवडू नका. त्यानं फक्त आकडे बदलणं अडतं, वाचणं अडत नाही. फाइल जुन्या 'एक्सएलएस' प्रकारात असेल तर आधी 'सेव्ह अ‍ॅज' करून 'एक्सएलएसएक्स' करा, कारण जुन्या प्रकाराचं कुलूप तकलादू आहे. लिब्रे ऑफिस वापरत असाल तर 'सेव्ह अ‍ॅज'च्या खिडकीत 'सेव्ह विथ पासवर्ड'ची चौकट असते.

पासवर्ड टाकताना कळफलक इंग्रजीवर आहे ना, ते पाहा. हिशेब मराठीत लिहून झाला की कळफलक मराठीवरच राहतो, टाकलेली अक्षरं ठिपक्यांत दिसतात आणि बरोबर पासवर्डही चूक ठरतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून तो बदलता येतो.

प्रश्न: घरातल्या सगळ्यांचे आधार, बँक पासबुक, सातबारा, चुकाऱ्याच्या पावत्या स्कॅन करून ठेवल्या आहेत. फोल्डरला कुलूप कसं लावावं? मुलगा 'व्हेराक्रिप्ट' हे कुलूप लावायचं सॉफ्टवेअर घ्या म्हणतो. पण आमच्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही.
– एक शेतकरी वाचक, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर: विंडोजच्या 'होम' आवृत्तीत फोल्डरच्या प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'एन्क्रिप्ट कंटेंट्स'चा पर्याय दिसतो, पण फिकट असतो, दाबला जात नाही. विंडोजच्या स्वतःच्या झिपलाही (अनेक फायली बांधून केलेली एकच फाइल) पासवर्ड लावता येत नाही. वर्षातून दहा-बारा वेळा लागणाऱ्या कागदांसाठी मोफत मिळणारं 'सेव्हन-झिप' पुरे. फोल्डरवर उजवी टिचकी, सेव्हन-झिप, 'अ‍ॅड टू आर्काइव्ह'. 'आर्काइव्ह फॉरमॅट'मध्ये 'सेव्हन-झेड' निवडा, पासवर्ड दोनदा टाका आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर खूण करा. ही खूण राहिली तर आतले कागद उघडत नाहीत, पण त्यांची नावं कुणालाही वाचता येतात. 'पीककर्ज थकबाकी' एवढं नावच सगळं सांगून जातं.

तयार झालेली फाइल उघडून दोन-तीन कागद नीट दिसतात का ते पाहा, आणि मगच मूळ फोल्डर शिफ्ट-डिलीटनं काढा. नुसतं डिलीट केलं तर ते रिसायकल बिनमध्ये पडून राहतं. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर शिफ्ट-डिलीट केलेलंही परत मिळवता येतं. ते पुसायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सायफर', जागा सोडून तिरपी रेघ (/), डब्ल्यू, कोलन आणि ड्राइव्हचं अक्षर असा आदेश द्या. तो फक्त रिकाम्या जागेवर लिहितो, चालू फायलींना धक्का लावत नाही. डिस्क मोठी असेल तर काही तास लागतात, म्हणून लाइन असेल तेव्हाच लावा.

एक त्रुटी मात्र आहे. सेव्हन-झिपच्या आतून कागद उघडला की त्याची उघडी नक्कल 'टेम्प' फोल्डरमध्ये जाते. एरवी ती आपोआप निघून जाते, पण मधेच लाइन गेली तर तिथेच राहते. विंडोजची कळ आणि आर दाबून उघडणाऱ्या रन खिडकीत '%टेम्प%' असं इंग्रजी अक्षरांत टाकून ते फोल्डर उघडा आणि 'सेव्हन-झेड-ओ' अशी सुरुवात असलेली फोल्डरं काढून टाका.

व्हेराक्रिप्ट रोज काम असणाऱ्यासाठी चांगलं. 'क्रिएट व्हॉल्यूम'मधून २ जीबीची एक डबी तयार करायची. ती 'माउंट' केली की वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते, काम झालं की बंद करायची. पण डबी उघडी ठेवून दुसऱ्या खात्यावर गेलात, तर त्या खात्यालाही ती उघडीच दिसते. प्रेफरन्सेसमध्ये लॉग ऑफ होताच आपोआप बंद होण्याची सोय आहे, ती लावा. आत लिहिणं चालू असताना वीज गेली तर आतली फाइल बिघडू शकते. साधारण ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, तेवढ्यात सेव्ह करून डबी बंद करता येते. यूपीएस नसेल तर सेव्हन-झिपवरच राहा. दोन्ही बाबतींत बंद फाइलची एक नक्कल पेनड्राइव्हवर हवीच, कारण कुलूपबंद फाइल वाचता आली नाही तरी पोट्टं ती डिलीट करू शकतं.

डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड आधीच असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्माचं वर्ष, हा तो पासवर्ड; घरात तो कुणाला माहीत नसतो?

प्रश्न: माझे फोटो मी माझ्या फोल्डरमध्ये ठेवले, तरी ते दादाच्या फोनवर दिसले. असं कसं?
– एक विद्यार्थिनी, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर: बहुधा वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली साठवायची सोय. कॉम्प्युटर दादाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू होत असेल आणि वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल, तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधलं सगळं त्याच्या खात्यात चढतं. घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावरून सेटिंग्ज, 'मॅनेज बॅकअप'मध्ये जाऊन ते थांबवा. थांबवल्यावरही चढलेले फोटो तिकडे राहतात, ते दादाकडून काढून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप वेब वापरत असशील तर फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तो कॉम्प्युटर लॉग आउट कर. नुसती खिडकी बंद करून भागत नाही.

प्रश्न: सेव्हन-झिपचा पासवर्ड विसरला तर?
– अनेक वाचक

उत्तर: पासवर्ड लांब आणि चांगला असेल तर फाइल गेली असं समजा, दुकानदारही काही करू शकत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. गट नंबर किंवा मोबाइल नंबर नको. ते कागदावर लिहून खरेदीखताच्या पिशवीत ठेवा, कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात नको.