आधी ती कार्ट रिकामी करा, मग बादलीला भोकं पाडा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, छोटी बाल्कनी, घरात चार माणसं, सासूबाईंचा वासाला विरोध, आणि पर्यावरणाला धरून राहायला सुरुवात कुठून करू असं विचारताना सोबत ऑनलाइन कार्टचा स्क्रीनशॉट. बांबूचे ब्रश, स्टीलचे स्ट्रॉ, काचेच्या बरण्यांचा सेट आणि महागडं कंपोस्ट किट. ती कार्ट आधी रिकामी करा प्लीज. घरात धडधाकट डबे आहेत ते टाकायचे आणि त्यांच्या जागी इको-फ्रेंडली म्हणून नवीन आणायचे, यात कचरा वाढलाच ना. जुनेच वापरा, फक्त प्लास्टिकमध्ये गरम काही भरू नका.

फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त फरक पडतो तो ओल्या कचऱ्याने, बाकी सगळं नंतर. ओलं-सुकं एकत्र गेलं की ते डेपोत दाबलं जातं, आत हवा जात नाही, तिथे मिथेन तयार होतो, शिवाय कुजका वास सुटतो, आणि आपल्या शहराचा हा वास डेपोशेजारच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलाय. शिवाय ओलं घरातच जिरलं की सुका कचरा कोरडा राहतो, कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना त्यात हात घालावा लागतो हे आपण विसरतो.

ओल्याचं घरीच खत करायला किटची गरज नाही. सोसायटीत कुणाकडे रंगकाम चालू असेल तर वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या झाकणासकट मिळतात, दोन मागून घ्या, एक भरत असताना दुसरी मुरत राहते. स्वच्छ घासायच्या, जाड खिळा पकडीत धरून गॅसवर तापवायचा आणि बाजूने चार-चार बोटांवर भोकं पाडायची, तळाला पण पाच-सहा (खिडकी उघडी ठेवून करा, प्लास्टिकचा धूर वाईट, ड्रिल असेल तर उत्तमच). खाली ताट आणि ताटात विटेचे दोन तुकडे, म्हणजे तळाला हवा लागते. तळात नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पाला चार बोटं, त्यावर कुंडीतली जुनी माती दोन मुठी, विरजण म्हणून. मग रोजचा कचरा बारीक करून टाकायचा आणि त्याच्या दुप्पट तरी चुरलेला वाळका पाला वर पसरायचा. दोन-तीन दिवसांनी खालवर करा.

सगळा खेळ त्या पाल्याचा आहे, आणि लोक नेमकी तिथेच कंजुषी करतात. पानगळीत सोसायटीचा झाडूवाला ढीग लावून पेटवतो ना, जाळायला बंदी असूनही, त्याच्याकडून दोन पोती भरून ठेवा, वर्षभर कामाला येतात. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सगळ्यात सोपी, आंब्याची चिवट असतात, चुरून घ्या.

ओल किती हवी ते हाताने कळतं. आतलं मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांतून पाणी गळलं तर पाला वाढवा, तळवा नुसता ओलसर झाला तर बरोबर आहे, आणि मूठ उघडल्यावर सगळं भुरभुर सुटलं तर पाणी शिंपडा, घरात आंबट ताक उरलं असेल तर तेच पाणी घालून. सासूबाईंना सांगा, कुजका वास आला म्हणजे पाणी जास्त झालंय आणि हवा कमी पडतीये, पाला घालून हलवलं की दोन दिवसात जातो. आणि जाडसर करड्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, चावत नाहीत, काम भराभर उरकतात. चिलटं झाली तर वरचा पाल्याचा थर जाड करा. सुरुवातीला तेलकट भाज्या, दूध, मटण-मासे टाकू नका, आंब्याच्या कोया तर नकोच. बादली भरली की बाजूला ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी चाळायची.

बायोगॅसचं विचारलंत. पुण्याच्याच डॉ. आनंद कर्व्यांच्या आरती संस्थेने खरकट्यावर चालणारा छोटा प्लांट बनवला, २००६ साली त्याला अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला, एका टाकीत दुसरी उपडी बसवलेली असते. चीज एक नंबर, पण त्याला गच्ची आणि ऊन लागतं, तुमच्या बाल्कनीत नाही जमणार.

बायोएन्झाइम, म्हणजे सालं आंबवून केलेलं सफाईचं पाणी, जरूर करा, एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीची सालं, दहा भाग पाणी, तीन महिने. प्लास्टिकच्याच बाटलीत, आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, काचेची फुटू शकते. पण नेटवर सांगतात तसं ते जंतुनाशक वगैरे मानू नका, बाथरूमची फरशी पुसायला आणि ओशट डागांना ठीक. ते आम्लधर्मी असतं, त्यामुळे ब्लीचमध्ये कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. आणि ओटा कडाप्प्याचा असेल तर त्यावर अजिबात नको, कडाप्पा म्हणजे चुनखडीच, चमक जाऊन पांढुरके डाग पडतात आणि ते घासून निघत नाहीत. संगमरवराचंही तेच, ग्रॅनाइटला चालतं.

पाण्याचं बोलायचं तर आरओ फिल्टर खरंच लागतो का ते बघा. घरगुती आरओ एक लिटर प्यायला देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं होतं की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओ नको. खडकवासला धरणाचं नळाला येणारं पाणी त्याच्या बरंच खाली असतं, बोअर किंवा टँकरचं असेल तर गोष्ट वेगळी. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, कुणाचा तरी मागून आणा, पण त्यात जंतू कळत नाहीत हे लक्षात ठेवा, त्यासाठी यूव्ही फिल्टर किंवा सरळ उकळणं. आणि आरओ आहेच तर त्याची पाइप बादलीत सोडून ते पाणी फरशीला वापरा, कुंड्यांना रोज नको, क्षार साठतात.

गॅस वाचवायचा तर भाताला एक उकळी चांगली आली, पाच-सात मिनिटं शिजला की झाकणासकट पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून पाऊण तास ठेवून बघा. भांडं भरलेलं असेल तर मस्त होतो, एका माणसापुरता केला तर लवकर निवतो आणि कच्चा राहतो. राजमा मात्र असा करायचा नाही, तो आधी दहा मिनिटं खळखळून उकळायलाच लागतो.

आणि नळांना एरेटर लावा, म्हणजे धारेत हवा मिसळणारी जाळी. सिंकच्या नळाची धार मिनिटाला दहा लिटरच्या आसपास असते, ती निम्म्याहून खाली येते. दुकानात जाताना नळाच्या तोंडाचा फोटो नका नेऊ, जुनी जाळीच काढून न्या, आटे आतून आहेत का बाहेरून ते तो बघून देतो.