मिशिगनच्या जंगलातला अ‍ॅस्पेन वृक्ष क्वेकिंग जातीचा की बिगटूथ जातीचा, हे कसं ओळखायचं?

पान हातात घ्या. कडेला बारीक, एकसारखे दाते असतील तर क्वेकिंग. दाते मोठे, बोथट, सहज मोजता येतील एवढे असतील तर बिगटूथ. पान मात्र मोठ्या झाडाचंच बघा; मुळांतून आलेल्या फुटव्यांची पानं हमखास फसवतात. पानांच्या थरथरीवर जाऊ नका. देठ दोघांचेही चपटे, त्यामुळे जरा वारा सुटला की दोघेही पिंपळासारखे सळसळतात.

वसंतात तर लांबूनच कळतं. क्वेकिंगला पालवी आधी फुटते, हिरवीगार. बिगटूथ मागाहून येतो आणि कोवळ्या पानांवरच्या पांढऱ्या लवेमुळे अख्खं झाड चंदेरी दिसतं. हिवाळ्यात कळ्या बघा: क्वेकिंगची तपकिरी, चकचकीत, बिगटूथची राखाडी, लवदार.