'माझी मैना गावाकडे राहिली' प्रेमगीत आहे की राजकीय?

दोन्ही, पण शेवटच्या भागापर्यंत ऐकलं तरच ते कळतं. अण्णाभाऊ साठे यांची ही छक्कड (लावणीचा एक प्रकार) संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. आधी बायकोला गावी सोडून पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याचा विरह येतो, तिच्या रूपाचं मनसोक्त वर्णन येतं. मग बेकारांची गर्दी, मग लढा. अखेरीस शाहीर उघडच सांगतात की मैनेची भेट नाही, तीच गत खंडित महाराष्ट्राची झाली. आणि तिथे महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या भागांची नावं येतात: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव.

बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या आम्हा मराठी माणसांना ही ओळ फार लागते. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हाही बाहेरच राहिला. म्हणून इथे मैना म्हणजे आमचीच गावं.

तरी पहिला भाग नुसता प्रस्तावना समजू नका. घरापासून तुटलेल्या कामगाराचं दुःख अण्णाभाऊंनी स्वतः मुंबईत भोगलं होतं, त्यामुळेच पुढचं राजकारण इतकं खरं वाटतं. कार्यक्रमांत कधी कधी शेवट गाळतात. पूर्ण ध्वनिमुद्रण शोधून ऐका.