एएसएल करायला बसशील तेव्हा

भाऊ, धुळ्यात पहिल्यांदा एएसएल, म्हणजे एमआरआयवर मेंदूतला रक्तप्रवाह मोजायची तपासणी करशील, तर आधी पांझरा नदीचा पाट आठव. पाटाच्या तोंडाशी रंग टाकायचा आणि तो शेताच्या फडात पोचेपर्यंत थांबायचं. इथे रंग म्हणजे मानेतल्या रक्ताच्या पाण्यावरची चुंबकीय खूण. सुई नाही, शिरेतून द्यायचं गॅडोलिनियमचं औषध नाही. मोठ्या माणसांच्या तपासणीत खुणेनंतर साधारण 2 सेकंद थांबतात. कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी, अरुंद असेल तर रक्त उशिरा पोचतं. मग खूण धमन्यांतच चमकते आणि पुढचा भाग काळा दिसतो. त्याला लगेच ‘रक्तपुरवठा कमी’ म्हणू नकोस. थांबायची वेळ वाढवून पुन्हा घे.

खूण लावायची पातळी (मानेतला आडवा छेद) कॅरोटिड सरळ जिथे आहे तिथेच, तिला काटकोनात ठेव. दातातला धातू जवळ असला तर खूण बिघडते, म्हणून आधी विचार. चहाचंही विचारच, आपल्याकडे तो सकाळपासून सुरू असतो आणि कॅफिनने मेंदूतला प्रवाह घटतो.

खूण केलेल्या आणि न केलेल्या चित्रांच्या सिग्नलमधला फरक जेमतेम 1 टक्का असतो, डोकं हललं की गेला. म्हणून खेड्यातून आलेल्या आजीला पाच मिनिटं अहिराणीत सगळं नीट समजावून सांग. मला तरी हे काम मशीनच्या बटणांपेक्षा मोठं वाटतं.