कुंडीला खत घालताना

मिरचीच्या पानांच्या कडा करपल्यात. दर रविवारी चमचाभर युरिया घालते. वाढवू का? – मुलुंड

वाढवू नकाच, आजपासून बंद करा. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन, पाला वाढवणारं अन्नद्रव्य) असतं. शेतात तो एकरभर पसरतो, तुमचा चमचा मात्र दहा इंची कुंडीतच राहतो. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून कडा जळतात. कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी धरली आहे का पाहा. नखाने खरवडली की पिठासारखी सुटते, ते हेच साचलेले क्षार. कुंडी मोरीत न्या, तळाची भोकं मोकळी करा आणि कुंडीच्या दोन-तीन पट पाणी हळूहळू ओता. मग महिनाभर कुठलंच खत नको. करपलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत. नवी पालवी स्वच्छ आली की काळजी सोडा. त्यानंतर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरतं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) वापरायचंच असेल तर लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, तेही माती ओली असताना.

मोगऱ्याला पाला भरपूर, कळी एक नाही. कोणतं खत देऊ? – परळ

आधी ऊन मोजा. गॅलरीत चार-पाच तास थेट ऊन नसेल तर कोणतंही खत कळी आणणार नाही. ऊन असेल तर नत्र जास्त झालंय, शेणखत थोडे दिवस थांबवा. थंडी सरताना छाटणी करा, कळ्या नव्या फुटव्यावर येतात.

मासे धुतलेलं पाणी, चहाचा चोथा चालतो का? – गिरगाव

माशांचं पाणी उत्तम, आपल्याकडची जुनीच रीत. मात्र मीठ लावण्याआधीचंच घ्या आणि पातळ करून घाला. चोथ्यातली साखर धुवा, नाहीतर मुंग्या लागतात.

गच्चीवर पावसाळ्यात खत द्यावं? – बोरिवली

मुंबईत मोसमात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उघड्या कुंडीतलं नत्र त्याबरोबर वाहून जातं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हात आखडता घ्या. दसऱ्याच्या सुमारास वरची माती उकरून शेणखत आणि चमचाभर निंबोळी पेंड मिसळा. पेंड मातीखाली झाका. वर राहिली तर बुरशी धरते.